येवल्याचा ठराव आणि अंगणवाडीची परसबाग

येवला म्हटले की १३ ऑक्टोबर १९३५ हा दिवस आठवतो आणि त्या दिवसाची एकच घोषणा आठवते. मुंबई इलाखा दलितवर्गीय परिषदेसाठी जमलेल्या सुमारे दहा हजारांच्या समुदायापुढे, हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते खरे करून दाखविले. मुक्तिभूमीवर दरवर्षी लोटणारा जनसमुदाय या घोषणेला वंदन करायला येतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच परिषदेने एक ठरावही केला होता. तो वाचण्याची सवय मात्र आपल्यात उरलेली नाही. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह येवल्याने थांबविला. पाच वर्षे लोकांनी मार खाल्ला, तुरुंग सोसला, गावोगाव बहिष्कार सोसला, आणि देवाचे दार काही उघडले नाही. यापुढे ही शक्ती देवळाच्या पायरीवर न सांडता आपले आर्थिक, शैक्षणिक आणि राजकीय बळ वाढविण्याकडे वळवावी, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या लेखाचा विषय ही वळविलेली शक्ती आहे. आज याच येवला तालुक्यात वस्तीवरच्या पोरांना शिजवून घालणारी, त्यांची वजने घेणारी, गरोदर बाईला आहार समजावणारी आणि अंगणवाडीच्या कुडाला दोडक्याचा वेल चढविणारी एक बाई काम करते. तिला सेविका म्हणतात. तिला मिळते त्याला मानधन म्हणतात. तिच्या कामावर देखरेख करणारीला मुख्यसेविका म्हणतात. पालेभाजीच्या वाफ्यावर इतिहासाचा निबंध कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की वाफ्याला जमीन लागते, पाणी लागते, आणि त्यात पिकलेले कोणाच्या हातचे कोणी खायचे हे कोणीतरी ठरवीत असते. महाड, येवला आणि त्यानंतरचा भूमिहीनांचा लढा या तिन्ही गोष्टींवरच झालेला आहे.

प्रथम ‘सेवा’ हा शब्द तपासू. चातुर्वर्ण्याने शूद्राला सेवा हाच धर्म नेमून दिला आणि त्यापलीकडच्या माणसांना तर सेवेचाही मान दिला नाही. त्यांच्या वाट्याला राबणूक आली. महाराने वेसकरकी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. त्याबद्दल त्याला हाडकी-हाडोळीचा तुकडा मिळे आणि त्या तुकड्याच्या बदल्यात त्याचा सारा दिवस गावाच्या मालकीचा होई. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते हा वेठीचा करार मोडण्यासाठी. कनिष्ठ वतने कायद्याने गेली ती थेट १९५८ साली. म्हणून कामाला सेवा म्हणणे आणि मोबदल्याला मान म्हणणे ही भाषा ऐकली की आपल्या माणसाने कान टवकारले पाहिजेत. ती आपल्या ओळखीची भाषा आहे.

पण सेवेची दुसरीही एक परंपरा आपल्याकडे आहे आणि तिचा उगम सत्यशोधकांत सापडतो. १८७६-७७च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या पुढाकाराने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम निघाला आणि तेथे हजारावर उपाशी मुलांना जेवण मिळू लागले. जोतीरावांनी १७ मे १८७७ रोजी त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन केले. सावित्रीबाई त्याच सुमारास जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात माणसे पाण्यावाचून आणि अन्नावाचून कशी गाव सोडून चालली आहेत ते आहे; सावकारांच्या उलट्या बोंबा आहेत; आणि मदत करणाऱ्या सत्यशोधकांनाच पोलिसांनी धरले, तेव्हा बाई स्वतः कलेक्टरसमोर कशा उभ्या राहिल्या तेही आहे. मला या पत्रातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. येथे स्वयंसेवकांवर देखरेख करणारी व्यक्ती आपल्या माणसांची हजेरी घेत बसलेली नाही. त्यांच्यावर वरून जो घाव आला तो आपल्या अंगावर घ्यायला ती पुढे झाली आहे.

महाडला हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक परतले आणि मंडपात जेवायला बसले, तेव्हा सनातनी जमावाने हल्ला चढविला. माणसांना मारले हे आपण सांगतो. शिजलेले अन्न मातीत कालविले हे सांगायचे राहून जाते. पाण्याला हात लावल्याची शिक्षा म्हणून ताटात माती घातली गेली. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली तेव्हा महाडचे व्यापारी माल देईनात. शिधा बाहेरगावाहून आणावा लागला आणि मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी. हजारोंच्या जेवणाची ती व्यवस्था स्वयंसेवकांनीच सांभाळली. पुढे १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्छेदन’ या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवाड्याची हकिगत दिली. अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले एवढ्यावरून सवर्णांनी ती पंगत उधळली होती. अस्पृश्याने काय खावे हा पोषणाचा प्रश्न नव्हताच. तो पायरीचा प्रश्न होता.

याच महाडच्या पर्वात बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले आणि आपल्या आयाबायांनी ते सोडले. या त्यागाचे आपण गुणगान करतो, पण हिशेब करीत नाही. उपाशी घरातून मांसाचा एक फुकटचा स्रोत गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही द्यायला गाव आले नाही, सरकार आले नाही. स्वाभिमानाची किंमत शरीराने चुकती केली. आज आहारशिक्षणाचा तक्ता भिंतीला लावून ‘प्रथिने खा’ असे त्याच घरांना सांगितले जाते, तेव्हा हा इतिहास तक्ता लावणाऱ्याला ठाऊक नसतो. २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि स्वस्त मांस आणखी दूर गेले. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबला. शिकवायचे प्रथिनांचे आणि काढून घ्यायचे अंडे, हा कोणता शिक्षणक्रम?

आता जमिनीकडे येऊ. येवल्याच्या ठरावातील ‘आर्थिक बळ’ या शब्दाचा गावपातळीवरचा अर्थ जमीन हाच होता. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या. ती मागणी रस्त्यावर नेली ती नाशिक जिल्ह्यातल्याच माणसाने. काळाराम सत्याग्रहाची धुरा वाहणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, आणि पडीक व गायरान जमिनी कसणाऱ्याला द्या असे सांगितले. देवळाच्या दारातली शक्ती जमिनीकडे वळली ती अशी. पुढे महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. कित्येकांच्या नावावर सातबारा मात्र चढला नाही.

म्हणून ‘प्रत्येक घरी परसबाग’ ही घोषणा ऐकताना विचारावेसे वाटते की परस कोणाला आहे? ज्या वस्तीत एका भिंतीला दुसरे घर टेकलेले आणि दारातून गटार वाहते, तेथे परस म्हणजे चार पत्र्याचे डबे आणि एक फुटका माठ. त्यातही बाया कोथिंबीर लावतात, कारल्याचा वेल छपरावर सोडतात, मोरीचे पाणी शेवग्याला घालतात. आणि त्यांना हिरव्या भाज्यांचे महत्त्व समजावून सांगायचे तरी काय? घोळ, तांदुळजा, पाथरी, कुरडू, तरोटा, अंबाडी ही नावे पहिल्यांदा कोणाच्या तोंडी होती? दुसऱ्याच्या बांधावरून खुडून आणलेल्या या भाज्यांवर आपल्या पिढ्या जगल्या. ज्ञान वस्तीत होते. बांध दुसऱ्याचा होता. आहारशिक्षण देणाऱ्या संस्था बहुधा या दोहोंची अदलाबदल करतात आणि अज्ञान वस्तीच्या माथी मारतात.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा अन्न वाटण्याचे काम सरकारने हाती घेतले. खडी फोडणाऱ्या बायांच्या पोरांना सुकडी मिळाली, रेशनला तांबडी मिलो आली. त्या वर्षांतून रोजगार हमी उभी राहिली आणि तिचा कायदा १९७७ साली झाला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण दुष्काळी कामावर देखरेख करणारा माणूस म्हणजे मुकादम. त्याच्या हातात मस्टर, आणि मस्टरवर नाव राहील की जाईल ही भीती. त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावी विहिरीवर पाणी घेणाऱ्या दलित स्त्रियांची विटंबना झाली आणि अशा अत्याचारांच्या संतापातून दलित पँथर उभी राहिली. एकीकडे सुकडीचे वाटप, दुसरीकडे विहिरीवर पहारा, असे ते साल होते.

मस्टरवाल्या देखरेखीला दुसरा काही पर्याय होता का? होता, आणि तो फार दूर नव्हता. येवल्याहून गोदावरीकडे निघाले की कोपरगाव लागते. तेथून अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. येवल्यासारखेच कोरडे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यात ठेवून पाहिले. ते जमले नाही. तेव्हा गावातल्याच बाया निवडल्या. त्यांत दलित बाया पुष्कळ, निरक्षर बाया पुष्कळ, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. या बायांनी दर आठवड्याला जामखेडला यायचे, जातपात बाजूला ठेवून एकत्र शिजवायचे, एकत्र जेवायचे, एकत्र निजायचे आणि आपल्या गावात काय झाले ते सांगायचे. कोणते मूल वाळले, कोणती बाई अडली, कोणी औषध नाकारले. एकीची अडचण दुसरीच्या अनुभवातून सुटे. प्रकल्पाचे फिरते पथक गावात जाई, पण ते बाईच्या चुका पकडायला जात नसे. गावासमोर तिचा शब्द वजनदार व्हावा, हे त्या भेटीचे काम होते. महारवाड्यातली बाई पाटलाच्या सुनेचे बाळंतपण करू लागली ती अशाने.

दुष्काळात प्रकल्पाने कूपनलिका खोदल्या तेव्हा त्या दलित वस्तीत पाडण्याचा आग्रह धरला गेला. पाणी हवे असेल तर गावाने वस्तीत यावे. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, त्यात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत बसली. काही गावांत शेतकऱ्यांनी या पोरांच्या आहारासाठी धान्य पिकवायला आपली जमीन दिली. म्हणजे जमीन, पाणी, पंगत हे तिन्ही प्रश्न येथे वजनकाट्याच्या आधी हाताळले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या कामाची नोंद आपल्या ग्रंथात घेतली आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही कहाणी डोळे झाकून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. एका जिद्दी दांपत्याची पुण्याई म्हणजे काही समाजाची व्यवस्था नव्हे, आणि तेथल्याही बायांना प्रतिष्ठा जितकी मिळाली तितके वेतन मिळाले नाही. तरीही देखरेख कशी करावी याचा जो धडा जामखेडने दिला तो त्यानंतरच्या योजनेने घेतला नाही, याचे दुःख वाटते.

ती योजना म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी ती सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातल्या धारणीला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व शिक्षण आणि आहार-आरोग्यशिक्षण अशी सहा कामे एका बाईवर टाकली गेली. आरंभी मॅट्रिक झालेलीला महिना १५० रुपये, न झालेलीला १०० आणि मदतनिसाला ३५. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून वाढवले तेव्हा सेविकेचे ४५०० आणि मदतनिसाचे २२५० झाले. राज्य त्यात आपली भर घालते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी प्रकरणात या बाया शासकीय पदावर नाहीत असे ठरविले. २०२२ साली त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क मात्र मान्य केला. म्हणजे निवृत्त होताना ती कामगार आणि काम करताना स्वयंसेवक! मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्या संपावर अत्यावश्यक सेवेचा कायदा लावला आणि ओरड होताच स्थगित केला. जी सेवा अत्यावश्यक आहे ती करणारी बाई नोकर नाही, हा तर्क वतनदारीच्या काळातला आहे. वेसकराशिवाय गावाचे चालत नव्हते, आणि वेसकराला गावात जागाही नव्हती.

मुख्यसेविकेचीही स्थिती समजून घेतली पाहिजे. तिच्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, एस.टी.च्या वेळा सांभाळून जायचे, नोंदवह्या तपासायच्या, आता मोबाइलवर माहिती भरली की नाही ते पाहायचे. तिला दुष्ट ठरवून आपले काम भागणार नाही. प्रश्न तिच्या तक्त्याचा आहे. तक्ता विचारतो की मुले किती, वजने किती, आहार किती दिवस, परसबाग आहे की नाही. अंगणवाडी कोणत्या आळीत आहे, वस्तीची पोरे तेथवर येतात का, मदतनिसाच्या हातचे कोण खात नाही, हे तक्ता विचारत नाही. हे प्रश्न काल्पनिक नाहीत. २००१ च्या अन्नहक्क याचिकेत सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावे लागले की शाळेच्या आहारासाठी स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांवर अंगणवाड्या आधी काढा. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले आणि कामावरून गेली ती बाईच. महाराष्ट्र पुढारलेला म्हणून आपण निर्धास्त राहू नये. २०१७ साली खुद्द पुण्यात, जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला म्हणून एका बाईवर पोलिसांत तक्रार झाली होती आणि ती बाई तर दलितही नव्हती.

अशा नकाराच्या दिवशी मुख्यसेविकेने काय करावे, हे कोणत्याच परिपत्रकात ठळक अक्षरांत सांगितलेले नाही. मला विचाराल तर तिने त्या दिवशी नोंदवही मिटावी, मदतनिसाच्या हातून ताट वाढून घ्यावे आणि सगळ्यांसमोर जेवावे. मग सरपंचाला आणि शाळेच्या मास्तरांना पंगतीला बसवावे. ओतूरला सावित्रीबाई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या ती देखरेख हीच. आणि आपल्या तरुण कार्यकर्त्यांनीही केवळ १३ ऑक्टोबरला झेंडा घेऊन येऊन चालणार नाही. जे विद्यार्थी सेवा योजनेच्या शिबिरात वाफे खणायला येतात त्यांना आधी त्या जागेचा सातबारा वाचायला लावावा. शिबिरात खणलेला वाफा शिबिर संपल्यावर कोणाच्या पाण्यावर जगणार, ते लिहून आणायला सांगावे.

४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी संप केला आणि तो जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. सात आठवड्यांहून अधिक काळ अंगणवाड्यांची कुलपे निघाली नाहीत, तेव्हा या बाया काय करतात ते पुष्कळांना कळले. येवल्याच्या परिषदेने वळविलेली शक्ती पुन्हा एकदा रस्त्यावर आली होती, पण आपल्या नियतकालिकांनी तिची दखल किती घेतली हे आपण आपल्यालाच विचारावे. स्त्रियांचा प्रश्न, मानधनाचा प्रश्न, असे म्हणून आपण बाजूला झालो.

शेवटी एक साधी गोष्ट. २०१८ पासून पोषण महिना साजरा होतो तो सप्टेंबरात. सप्टेंबरात कोणतेही अंगण हिरवे असते. पाऊस पडून गेलेला असतो, दोडके लोंबत असतात, मुख्यसेविका येते, छायाचित्र निघते, माहिती वर जाते. येवला तालुक्याच्या पश्चिमेकडे पालखेडच्या कालव्याचे पाणी पोचते, तेथे हिरवेपणा आणखी काही महिने टिकतो. राजापूर-ममदापूरच्या माळाकडे कालवा नाही. तेथे चैत्र-वैशाखात टँकर येतो, आणि टँकरभोवतीच्या रांगेत वस्तीची घागर कितवी असते ते त्या भागातल्या कोणत्याही सेविकेला तोंडपाठ असते. परसबागेची तपासणी एकदा मे महिन्यात, टँकर येण्याच्या वेळी करावी.